डावीकडचा स्क्रू

४ मार्च, सोमवार

परत निघाला! डावीकडचाच! चूळ भरली आणि बेसिनमध्ये टण्णकन पडला — तांदळाच्या दाण्याएवढा. ही तिसरी खेप. आणि मोठे डॉक्टर मलाच विचारतात, "जिभेने हलवत होता का?" मी काय जिभेला पाना बांधून फिरते?

आधी चार दात काढले. का, तर पुढचे मागे सरकायला जागा हवी. मग हिरडीत दोन्हीकडे एकेक स्क्रू बसवला. त्याला रबर अडकवायचं, रबराने दात मागे ओढायचे. उजवीकडचे निमूट सरकले. डावीकडे स्क्रूच टिकत नाही, तर ओढणार काय, कपाळ? आज आरशात बघितलं. तोंड तिरकं दिसतंय. आधी नुसतं पुढे होतं!

५ मार्च

मोठ्या जाऊबाई येऊन गेल्या. त्याच दवाखान्यात हत्यारं धुतात, त्यांनीच मला तिथे लावून दिलं. उठताबसता ऐकवतात. "या वयात कुणाला दाखवायचेत गं दात?" म्हटलं, दाखवायचे नाहीत, झाकायचेत. जन्मभर ओठ मिटले नाहीत माझे. लग्नाच्या फोटोतसुद्धा तोंडावर हात आहे.

१२ मार्च, मंगळवार

नवा बसवला. बसवणारी छोटी डॉक्टरीण, अजून शिकतेय. मी खोदून विचारलं — तोंड एक, हात तुझाच, मग एकच बाजू का निघते?

तर म्हणे दोन्ही स्क्रू सारखे नाहीतच! उजवीकडचा गुळगुळीत. डावीकडचा मुद्दाम खरखरीत केलेला — आधी बारीक वाळूचा मारा, मग ॲसिड. अशाने हाड त्याला घट्ट धरतं. कुठला जास्त टिकतो ते ती तपासतेय, त्यावरच तिची परीक्षा. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं काकू. तुम्ही म्हणालात, हो हो, आटप लवकर." म्हणाले असेन. आ वासून बसलेल्या माणसाला काय सांगता?

पण मग घट्ट बसायचा तोच निघतो? "तेच तर कळत नाही," म्हणाली. रडवेली झाली. बाकीच्यांचेही खरखरीतच निघतायत. मी वर आणखी ओरडले. घरी आल्यावर वाईट वाटलं. थोडंच.

१५ मार्च

जेवताना जीभ कुठे ठेवायची ते मोठ्या डॉक्टरांनी येऊन दाखवावं. एकाच बाजूने चावून कानशील ठणकतंय.

२१ मार्च, गुरुवार

पुन्हा हलतोय. मोठे डॉक्टर आले, उभ्याउभ्याच बोलले. "पेशंट काळजी घेत नाहीत." मग छोटीला — "खरखरीत करून काही उपयोग नाही, असं लिहून टाक. आणि यांचं बंद कर."

बंद कर! चार दात गेले, अर्धे मागे, अर्धे पुढे — आणि बंद कर! मी खुर्चीतून उठलेच नाही. म्हटलं, स्क्रू हलतो, मी हलत नाही. बाहेर रांग खोळंबली. छोटी खाली मान घालून हसली. शेवटी कबूल झाले: पुढच्या गुरुवारी एक नवा. शेवटचा. तो निघाला की घरी बसा.

२४ मार्च, रविवार

जाऊबाई आल्या त्या तणतणतच. "डॉक्टरांशी भांडतेस? माझी लाज घालवलीस!" मग स्वतःचीच टिमकी सुरू. "इतकी वर्षं धुतेय, माझ्या हातून गेलेलं एक हत्यार डागाळलेलं दाखव! ते स्क्रूसुद्धा. एक डबी येते ती चकचकीत. दुसरी मेली काळपट, हाताला खरखरीत. ते मी पावडर लावून तारेच्या घासणीने घासते. लख्ख झाले की मगच वाफेच्या यंत्रात."

माझ्या हातातलं भांडं सुटलं.

"घासायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला डोळे नाहीत?"

मी सांगितलं — ती खरखर मुद्दाम केलेली आहे, तिच्यावरच तो टिकतो; घासून ती जाते, वर पावडरीचा थर राहतो, मग हाड धरणार कशाला? त्यांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "माझ्या नोकरीवर उठलीस? तुला तिथे लावली कुणी?" चप्पल घालून चालत्या झाल्या. आणि मी इतके दिवस त्या पोरीवर ओरडत होते!

२५ मार्च, सोमवार

गुरुवारचा स्क्रू आज जाऊबाईंकडे धुवायला आला असणार. फोन केला. "घासलात?" "मला कामं आहेत," म्हणाल्या. म्हटलं, जाऊबाई, नोकरी जावी असं मला वाटत नाही. पण ती पोर खोटं लिहून बसेल, आणि माझं तोंड असंच राहील. तुम्ही स्वतः जाऊन तिला सांगा. मी बरोबर येते, हवं तर. सांगणार की नाही? बुधवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे.