तिकडची स्वारी

११ ऑक्टोबर, शनिवार

ऑर्डर आली! नाशिक. एक डिसेंबरला हजर व्हायचं. इतके अर्ज केले, शेवटी बँकेला दया आली म्हणायची.

आधी आईला फोन केला, मग केतकीला. क्रम चुकला. बायकोला असल्या गोष्टी फोनवरून दिसतात. "आईंना सांगितलंस ना?" म्हणाली, आणि मग "छान झालं". तिचं खरं 'छान झालं' मला माहीत आहे. हे ते नव्हतं.

आईचा गुडघा, तिचं एकटं राहणं, बदलीचा अर्ज – सगळं दोघांनी मिळून ठरवलेलं. अर्जात कारण कसं लिहायचं तेसुद्धा केतकीनेच सांगितलं होतं. पण तेव्हा तिचे ढग यायचे होते. अजूनही यायचेच आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

बागबाजारच्या घाटावर गेलो होतो. बोलायचं असलं की आम्ही घराबाहेर पडतो. डमडमच्या त्या दोन खोल्यांत फक्त भांडता येतं. आमचे पूर्वज चाल करून येतील म्हणून इथल्या बंगाली लोकांनी एके काळी खंदक खणला. आज दोन मराठे तिथून शेंगदाणे खात गेले, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मार्चपर्यंत थांबता येईल का, असं ती विचारत होती. तिची खगोलसंस्थेतली नेमणूक मार्चपर्यंत. तोवर ढग सापडला तर पुढची दोन वर्षं मिळतील, नाही तर नारळ.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझं मला कळेल. शनीचा एक मोठा चंद्र आहे, टायटन. त्याला दाट हवा आहे आणि ढगही आहेत – पाण्याचे नव्हेत, मिथेनचे. गोबरगॅसात असतो तो. शनीचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, म्हणून तिथला एकेक ऋतू सात वर्षांहून लांब. ज्या ध्रुवावर उन्हाळा, त्या बाजूला ढग. ऋतू पालटला की ढगही मुक्काम हलवतात, आणि त्या धामधुमीत मधल्या पट्ट्यात एखादं मोठं आभाळ भरून येतं. चार दिवस टिकतं, विरतं. यंदा मे महिन्यात उत्तरेतला उन्हाळा संपला. मागच्या खेपेला, तीस वर्षांपूर्वी, असा एक ढग आला होता. तोही कुणाला धड न्याहाळता आला नाही. केतकी सात वर्षं त्याची वाट बघतेय. आमच्या लग्नाला आठ झाली.

"हा चुकला तर पुढचा कधी?"

"तेव्हा मी रिटायर झालेली असेन," म्हणाली, आणि शेंगदाण्यांचा रिकामा पुडा मला दिला.

१५ ऑक्टोबर

आईचा फोन. "तुझी बायको काय आभाळात संसार थाटणार आहे?" केतकीला सांगितलं नाही. हसली असती, पण आठवडाभर लक्षात ठेवलं असतं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी झाली म्हणायची. चिवडा जमला, चकल्या तेलात विरघळल्या. शेजारच्या मित्रागिन्नी, म्हणजे मित्राबाई, मला अजून 'बोर्गी' – लुटारू मराठा – म्हणतात, आणि डबा मात्र परत भरून मागतात.

घरात हास्यविनोद चालू आहे, पण जपून. सकाळी मी नेहमीसारखं विचारलं, "तिकडे काय म्हणतात?" लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आमच्याकडे हा शब्द रुळला. जुन्या बायका नवऱ्याला 'तिकडची स्वारी' म्हणायच्या, तसं केतकी टायटनला म्हणायची. तिकडे म्हणजे टायटन, दुसरं काही नाही. आज तिने नुसता खांदा उडवला. पूर्वी म्हणायची, "स्वारी रुसली आहे."

तिला लडाखच्या दुर्बिणीवर अधूनमधून संध्याकाळ मिळते, इथूनच संगणकावर बसून बघायची. लडाखला ढग आले की टायटनचे ढग दिसत नाहीत. म्हणजे एके ठिकाणी ढग नकोत आणि दुसरीकडे हवेत! असल्या माणसाशी आभाळाबद्दल काय बोलायचं.

२६ ऑक्टोबर, रविवार

केतकीला ताप, एकशे दोन. आज संध्याकाळ तिची होती. दुपारी औषध घेऊन पडली, तिचा फोन मी बाहेर आणून ठेवला. साडेचारला वाजला – तिचे लाहिरीसर. मेहुण्याच्या श्राद्धाला सिलिगुडीला निघालेले, सियालदह स्टेशनवरून बोलत होते. मागे इतका गोंगाट की त्यांचे अर्धेच शब्द माझ्यापर्यंत पोचत होते. केतकीला बरं नाही म्हटल्यावर मलाच सांगायला लागले. मी माझी बँकेच्या काउंटरवरची बंगाली काढली. "ओखाने मेघ कोरेछे," म्हणाले. पुढचं गाडीच्या घोषणेत गेलं. मी आपलं "आच्छा, बुझेछी, बुझेछी".

केतकी उठून बसली होती. काय म्हणाले सर? लडाखला ढग आहेत, आज नाही जमणार, असं मी सांगितलं. तिने दुर्बीणवाल्यांना पडल्यापडल्या कळवलं की आज नको, वेळ दुसऱ्या कुणाला द्या. मी मऊ भात केला. दोन घास खाऊन झोपली.

बरंच झालं. तापात कुठे बसणार होती.

२८ ऑक्टोबर

काय करून बसलो मी.

ताप उतरला तशी काल संध्याकाळी ती मेल बघायला बसली. लाहिरींचा मेल रविवारचाच. परदेशातल्या एका गटाला आदल्या रात्री टायटन एकाएकी उजळलेला दिसला. मोठा ढग असणार, आजच्या आज बघ, दुसऱ्या रात्रीचा पुरावा लागेल. आणि रविवारी लडाखचं आभाळ स्वच्छ! तिची वेळ कुणी तरी दुसऱ्याच ताऱ्यासाठी वापरली.

आज सकाळी चहा देताना तिने शांतपणे विचारलं की सर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांग. मी सांगितलं. ओखाने मेघ कोरेछे.

"म्हणजे तिकडे ढग आलेत."

"हो."

"लडाख कुठे म्हणाले ते?"

नव्हते म्हणाले. तो शब्द मी घातला.

"आपल्या घरात तिकडे म्हणजे कुठे, अजेय?"

चहा तसाच राहिला. बाहेर पडताना ती चपला घालता घालता म्हणाली, "नाशिकची ऑर्डर आल्यापासून तू तिकडेचा अर्थ विसरलास."

२९ ऑक्टोबर

बोलत नाही. मीठ मागायलासुद्धा नाही, उठून घेते.

२ नोव्हेंबर

आता लडाखला खरंच ढग आहेत. तीन संध्याकाळी वाया. शिवाय टायटन स्वतःभोवती सोळा दिवसांत फिरतो, म्हणजे ढग असलाच तर एव्हाना पलीकडच्या अंगाला गेला. समोर परत येईतो विरेल. परदेशातल्या लोकांकडे ती एकच रात्र आहे. एका रात्रीचा ढग म्हणजे अफवा, असं लाहिरी म्हणाले म्हणे. ते सिलिगुडीहून परतले. मला फोन करून म्हणाले की चूक त्यांचीच, इंग्रजीत बोलायला हवं होतं. भला माणूस. त्याने मला जास्तच लागलं.

५ नोव्हेंबर

मुद्दाम केलं नाही. हे इथे लिहितो, कारण इथे खोटं लिहून मला काय मिळणार?

मुद्दाम केलं नाही. पण लडाख कुठून आला? आठ वर्षं 'तिकडे' ऐकतोय. जेवताना, भाजी आणताना, तिच्या आईच्या तेराव्याला. तिकडे म्हटल्यावर मला लडाख कसा सुचला? गोंगाट होता, बंगाली होती, तिला ताप होता – सगळं खरं. पण मनात मार्चही होता. थांबावं लागणार, आईला काय सांगू, हेही होतं. ढग न येण्यात माझी सोय होती. माणसाचा कान सोयीचं ऐकतो का? ऐकत असेल तर त्याला मुद्दाम म्हणायचं की नाही?

दुपारी काउंटरवर एकाला 'काल या' म्हणालो, उद्या म्हणायचं होतं. तो बंगाली, त्यांच्यात उद्यालाही 'काल'च म्हणतात, त्याला बरोबर कळलं. मीच दचकलो. आता माझा मलाच भरवसा नाही.

८ नोव्हेंबर

आज बोललो. फिरायला गेलो नाही, घरातच, त्यामुळे भांडण. मी शपथ घेतली. आईची नको घेऊस, म्हणाली. मग माझी घेतली. तर ती मान खाली घालून कांदा चिरत राहिली आणि म्हणाली, "राहू दे ना रे आता. झालं ते झालं." मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. केला असता तर बरं वाटलं असतं. लहानपणी मार खाल्ला की हिशेब मिटायचा, तसं.

माझ्याकडे बघतच नाही ती. इतकी नकोशी झाली माझी चर्या? रात्री अंगावरचं पांघरूण मात्र नीट करते. मला जाग असते हे तिला माहीत नाही.

११ नोव्हेंबर

केलं एकदाचं. झोनल ऑफिसात जाऊन बदली नाकारली. साहेब म्हणाले, लोक नाशिकसाठी देव पाण्यात घालून बसलेत, आणि परत लवकर मिळणार नाही. मी सही केली. ती मार्चपर्यंत काय, वाटेल तितकी थांबू दे. पुढचा ढग शोधू दे. तिने मला खोटारडा समजून माझ्याबरोबर नाशिकला यावं, हे मला जन्मात नको.

आईला सांगितलं. "बरं" म्हणाली आणि दूधवाला आलाय म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी दूधवाला येत नाही तिच्याकडे.

केतकीला सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली. मला वाटलं, आनंदाने असेल. "कुणी सांगितलं होतं तुला?" एवढंच म्हणाली, आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

१४ नोव्हेंबर

नाशिकची जागा भरली. आमच्याच शाखेतल्या शकुन देशपांडेला मिळाली. पेढे दिले तिने. खाल्ला.

१६ नोव्हेंबर, रविवार

लाहिरींचा मेल केतकीने तापाच्या दिवशी दुपारीच वाचला होता. औषध घेण्याआधी, पूर्ण. ढग आला आहे हे तिला माझ्या आधी माहीत होतं. आज पोळ्या लाटता लाटता सांगितलं, माझ्याकडे पाठ करून.

"सात वर्षांनी बघायला बसायचं आणि तिथे काही नसलं तर – एवढी हिंमत नव्हती रे. तू लडाख म्हणालास, आणि मी सुटले."

मी पोळ्या भाजत होतो. भाजत राहिलो.