वाळूच्या लॉऱ्या थांबल्या, अण्णा

वेण्णलूर, पापनाशम तालुका
१४ मार्च १९९९

प्रिय अण्णा,

शांभवीचा नमस्कार. वहिनींना सांग, आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे वहिनींच्या भाषेत ओट्यावर, बसून जाणाऱ्यायेणाऱ्याची चौकशी करण्याइतकी ठणठणीत आहे. हे पत्र तुझ्या लेकीला, विनुताला मोठ्यानं वाचून दाखव. आपली तंजावरी मराठी ऐकून ती हसेल, हसू दे. तंजावरच्या राजवाड्याजवळच्या भीमसेनमामांनी टेलिफोन घेतला. पलीकडचा माणूस दूर आहे म्हणून इतक्या जोरात बोलतात, की सगळ्या गल्लीला त्यांच्या घरचं कळतं.

नदीचं तू कधी विचारत नाहीस. तरी लिहिते. मागच्या महिन्यात वाळूच्या लॉऱ्या थांबल्या. कलेक्टरांनी आपल्या काठावरचा परवाना रद्द केला.

तू पुण्याला गेल्यावर कंत्राटदारानं आधी हातानं वाळू भरून नेली, मग पोकलेन आणला. कोळ्ळिडमचं पात्र इतकं खोल गेलं की आपल्या शेतातल्या पंपाच्या मोटारीला पाणी लागेना. नदीकडच्या वस्तीतला हातपंप उन्हाळ्याआधीच कोरडा पडला. बायका कळशा घेऊन नदीच्या बांधापलीकडे जायच्या. आणि ज्या माणसांनी वाळू भरण्याच्या कामासाठी तुझ्या वेळी कंत्राटदाराची बाजू घेतली, त्यांचं काम यंत्रानं काढून घेतलं.

दिवाळीनंतर मी वस्तीत गेले. शाळेतल्या मुलींमुळे मला तिथं ओळखतात. त्यागराजची बायको सेल्लम्मा दारात भांडी घासत होती. मी म्हटलं, "आता तरी सगळे मिळून नदीसाठी बसू या."

ती म्हणाली, "टीचरम्मा, मागच्या वेळी तुमच्या मोटारींना पाणी हवं होतं आणि आमच्या घरात तांदूळ हवे होते. दोन्ही एकदम कोणी बोललंच नाही."

मी तिथंच बसले. हळूहळू आणखी बायका आल्या. त्यांनी सरळ सांगितलं: बैठक तुमच्या ब्राह्मणांच्या अग्रहारात नको, बांधावर घ्या. पंप दुरुस्त होईपर्यंत तुमच्या विहिरींचं पाणी द्या. आणि आम्ही रस्त्यावर बसणार, तर तै महिन्यातली, पोंगलच्या वेळची कापणी आमच्याच हातांनी होऊ दे, बाहेरून यंत्र आणू नका.

रामस्वामीमामा भडकले. त्यांची शेती सगळ्यांत मोठी, यंत्र त्यांनी आधीच ठरवलेलं. "नदी वाचवायची की मजुरांची युनियन काढायची?" म्हणाले. मग मी आपल्या शेतापासून सुरुवात केली. तुला विचारलं नाही. तुझाही वाटा त्यात आहे हे मला ठाऊक होतं. कापणीला वेळ लागला, थोडं भात गळलं. रागवायचं असेल तर रागव.

विहिरीचं आईला सांगायला मी घाबरत होते. पहिल्या दिवशी बायका मागच्या दारानं आल्या. आईनं मला आतून हाक मारली. "मागे शेवाळ आहे, कोणीतरी पडेल. त्यांना पुढून येऊ दे." एवढंच. आपल्या पुढच्या दारानं त्या वस्तीतलं माणूस आत आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर अग्रहारातली आणखी दोन घरं उघडली. शेवटी रामस्वामीमामांनीही यंत्र परत पाठवलं, बहुतेक विशालाक्षीमामींनी त्यांचं जगणं कठीण केलं म्हणून.

कंत्राटदाराचा माणूस वस्तीत आला, मागच्यासारखाच. सगळ्यांना काम देतो म्हणाला. त्यागराज म्हणाला, "आधी तुझं यंत्र परत ने, मग बोल." तो फिरून आला नाही.

आम्ही बायका बांधाच्या रस्त्यावर बसलो. लॉऱ्या उभ्या राहिल्या, मागे पोलीस आले, आणि आम्हाला व्हॅनमध्ये घालून पापनाशमच्या कल्याणमंडपात नेऊन ठेवलं. लग्नाचा हॉल, अण्णा! भिंतीवर अजून कुणाच्या तरी लग्नाच्या माळा सुकत होत्या. बांधावर राहिलेल्या पुरुषांनी लिंबूभाताचं पातेलं पाठवलं. एकाच पातेल्यातलं सगळ्यांनी खाल्लं. आधी काही जणी मागे सरल्या, मग भूक लागली.

दुपारी इन्स्पेक्टर आला. अग्रहारातल्या बायकांकडे वळून अदबीनं म्हणाला, "तुम्ही घरी जाऊ शकता. बाकीच्यांना थोडं थांबावं लागेल."

कुणीच हललं नाही. मला वाटलं, आता मोडतंय. मग विशालाक्षीमामी उठल्या. साडी नीट केली; उठल्या ते जायलाच, असं मी धरून चालले. त्या हॉल ओलांडून सेल्लम्माच्या शेजारी जाऊन बसल्या. "आम्ही बरोबर आलो," म्हणाल्या, "बरोबरच जाऊ."

मला वाटतं, निकाल तिथंच लागला. बाकी आपलं नशीबही होतं. कलेक्टर नवे होते, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि खचलेला बांध त्यांनी स्वतः येऊन पाहिला. दुसऱ्या तीरावर अजून उपसा चालूच आहे. तिथले शेतकरी आणि मजूर एकमेकांशी बोलत नाहीत.

इथपर्यंत आईला वाचून दाखवलं. पुढचं लिहू नको म्हणते, "त्याला कशाला दुखवतेस?" म्हणते. मी लिहिते.

व्हॅनमागून त्यागराज सायकलनं पापनाशमला आला होता. मंडपाच्या खिडकीशी उभं राहून त्यानं मला विचारलं, "वकील सार बरे आहेत ना?" मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "त्या दिवशी लॉऱ्या अडवायला रस्त्यात लावलेल्या बैलगाड्या मीच बाजूला ओढल्या. सारांनी कोर्टातून स्थगिती आणली, आमचं काम बंद झालं, आणि आम्ही काय खातो हे विचारायला कोणी आलं नाही. ते एकदा आमच्या वस्तीत आले असते तर मी गाडी ओढली नसती."

अण्णा, तू सगळ्या गावासमोर त्याला "विकला गेलास" म्हणालास आणि गाव सोडलंस. इतकी वर्षं आपल्या घरात तेच खरं धरलं गेलं. तुझा खटला चांगला होता, तू प्रामाणिक होतास, स्वतःचं काम टाकून मद्रासच्या खेपा केल्यास. पण तो विकला गेला नव्हता. त्याला कोणी आपल्यात घेतलंच नव्हतं.

आता दुसऱ्या तीरावरची माणसं विचारायला आली आहेत. त्यांना वकील हवा आहे. त्यागराजनंच तुझं नाव सुचवलं. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

ये. पण बसमधून उतरलास की आधी आपल्या घरी येऊ नकोस. नदीकडच्या वस्तीत जा, त्यागराजच्या दारात बस. आई वाट पाहील, तिची काळजी करू नकोस.

तुझीच बहीण,
शांभवी