कोणत्या पाण्याखाली?

राजेश्वरी मॅडम,

तुमच्या संस्थेच्या अनुदानावर मी तेरखेड्यात फटाका कारखान्यातल्या बायांना शिकवते, भाजलं की लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरा. कोणत्या पाण्याखाली, मॅडम? शेडात नळच न्हाय. नळ मागितला तर तुम्ही म्हणालात, पैसे फक्त प्रशिक्षणाला आहेत. बायांनी कळशी नेली, तर बारूद भिजंल म्हणून मुकादमानं ती गेटवरच ठेवून घेतली.

हे तुम्हाला कळवलं आणि तुम्ही मालकाला विचारलं, तर कारखाना वर्गच बंद करील, मग माझा पगारही बंद. म्हणून पत्र धाडत न्हाय.

उद्या तुम्ही वर्ग बघायला येताय. माझी आई त्याच शेडात कामाला हाय, पुढंच बसंल. काल तिचा हात भाजला. म्हणाली, "हात पदराखाली झाकते. तू शिकव बिनघोर."

तुमचीच प्रशिक्षक,
अर्पिता