आईबापांमधलं पान

१२ जून १९७९, होकियांगा

माफ कर, वही. मार्चनंतर तुला हात लावला नाही. मेरेआनाला मातीआड केलं, त्यानंतर जे लिहिलं असतं ते सगळं तिच्याबद्दलच झालं असतं. म्हणून नाहीच लिहिलं. हे कारण खरं, की नुसता आळस? दोन्ही थोडं थोडं.

शेड पुन्हा उघडली. ओढ्याकाठी वाढणाऱ्या हराकेकेच्या झाडाच्या लांब, पात्यासारख्या पानांचे तंतू, राळ, गरम दाब — तोच खेळ. तक्ता कोरडा असेपर्यंत उत्तम. पाण्यात ठेवला की दुसऱ्या दिवशी भिजलेल्या पावासारखा फुगतो. असल्या तक्त्यांची होडी कोण घेणार?

एकच फुगला नाही. फेब्रुवारीत मेरेआना अजून काठी टेकत ओढ्यापर्यंत जायची. पानं तिनेच आणली, तंतू अंथरुणात बसून तिनेच सोलले. तो तक्ता आठवडाभर पाण्यात टणक राहिला. उशीवरून म्हणाली, "काय मास्तर, जमलं की नाही?" बायको गेली, तक्ता आहे. ऑकलंडच्या कंपनीकडे. दुसरा तसाच करून दिला तर ते इथे कारखाना काढतील, शहरात गेलेली आमची पोरं परत येतील. तेवढ्यासाठी तर हे सगळं.

२१ जून

फुगला.

२६ जून

ओढ्याकाठची पानं घेतली, टेकडीवरची घेतली. निबर, अर्धी निबर, पावसाआधीची, पावसानंतरची. राळ वाढवली, कमी केली. सगळे फुगतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असं कॉलेजात शिकलो. आता बदलण्यासारखं काही उरलं नाही.

नापेरा आत्या शिंपले घेऊन आली. तक्त्यावर नख वाजवून म्हणाली, "टोपल्या विणायला बसला असतास तर एव्हाना गावाला पुरल्या असत्या." मग माझ्या तोंडाकडे बघून, "खा आधी."

३ जुलै

कंपनीच्या प्रिंगलसाहेबांचा फोन. भला माणूस, स्कॉटलंडहून नवा आलाय. शुक्रवारी मेरेआनाचा तक्ता यंत्रात घालून तोडणार — ताकद किती ते कळायला. बोलता बोलता विचारलं, "झाडाची सगळी पानं वापरून पाहिलीत ना? मधलं कोवळंसुद्धा?"

"ते नाही. ते कुणी कापत नाही."

"का बरं?"

"ते मूल असतं."

पलीकडून "बरं, बरं" — आजाऱ्याला म्हणतात तसं.

मधलं पान मूल. त्याच्या दोन बाजूंना आईबाप. बाहेरची आजी-आजोबा, कापायची ती. मूल कापलं तर झाडाचं सगळं बेट मरतं. चालायला लागण्याआधी आम्हाला हे शिकवतात. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला मी, वर्षभर मला ते पान दिसलंच नाही. प्रिंगलना पाच मिनिटांत दिसलं.

फोन ठेवला आणि तो तक्ता आठवला. मेरेआनाचे तंतू फिकट होते, जवळजवळ पांढरे. मला वाटलं होतं, तिने जास्त निगुतीने सोललेत.

४ जुलै

आत्याकडे गेलो. ओढ्याकाठची तिची बेटं, तिच्या आईने लावलेली. तीन मेली आहेत, मधून कुजून.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. फेब्रुवारीपासून."

"तुला ठाऊक होतं?"

"विचारलं होतं मी तिला. म्हणाली, गाय शिरली असेल, आत्या." आत्याने एक कुजलेलं पान उपटून ओढ्यात टाकलं. "आपल्याकडे गाय कुठाय रे?"

"रागावली नाहीस?"

"खूप. पण मरणाऱ्या बाईशी काय भांडायचं? मला म्हणाली, गायीला माफ कर. केलं."

मेरेआनाने मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी थांबलो असतो? की कापायला उरलेली बेटं मोजली असती? मोजली असती. आज आत्याशी बोलत असताना डोळ्यांनी मोजतच होतो. कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहून ठेवतो.

५ जुलै

मधली पानं कापायची ही रीत चालणार नाही, बेटंच उरणार नाहीत, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. तिने शोध लावलाच नव्हता. ती असताना माझा एक तरी तक्ता न फुगता टिकावा, एवढंच तिला हवं होतं.

उद्या: ऑफिस उघडताच प्रिंगलना फोन. तक्ता तोडू नका. परत पाठवा.