आशिक विज्ञानाचं प्रशिक्षण

बिश्केक, मे अखेर

आदरणीय साइकाल एजे,

तुमच्या धाकट्या भावाचा, केनेशचा सलाम. मेंढ्या, घोड्या आणि माणसं (तुमच्या घरी महत्त्वाचा क्रम हाच आहे) सुखरूप असतील अशी आशा करतो. दाजींचा गुडघा आता कसा आहे? तुम्ही पाठवलेलं कुरुत पोचलं. ह्या खेपेला दही वाळवलंय की दगड, असा घरात वाद झाला आणि माझ्या एका दाढेचा त्यात बळी गेला. तरी आणखी पाठवा, दुसरी बाजू शाबूत आहे.

तुम्ही विचारलं होतं की वरच्या तळ्याचं पाणी यंदा किती चढलंय ते कळव, म्हणजे तळं फुटायचा धोका बघून नदीकाठच्या कुरणात तंबू ठोकायचे की नाही ते ठरवता येईल. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय, असंही लिहिलंत. शिवाय टोमणा, की भाऊ हिमनद्यांच्या संस्थेत आहे का तिथल्या उपाहारगृहात? एजे, तळ्याकाठचं यंत्र रोज आकडा पाठवतं. तो आमच्या इमारतीत येतोसुद्धा, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. पण तिथून पुढे त्याला वाट नाही. आमचे संचालक शारशेन अक्मातोविच त्या आकड्यांवर एका परदेशी नियतकालिकासाठी लेख लिहीत आहेत, आणि लेख छापून येईपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या दृष्टीस पडायचे नाहीत. लेखाचं तिसरं वर्ष चालू आहे. तोवर थांब, असं तळ्याला मात्र कुणी कळवलेलं नाही.

मी आकडे दोनदा मागितले. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "केनेश, तुला उघडेपणाची फार हौस दिसते," आणि मला संस्थेचा 'खुले विज्ञान अधिकारी' नेमून टाकलं. (खुर्ची जुनीच. दारावर पाटी लावायची होती, पण मला दार नाही, म्हणून ती कपाटावर लावली. कपाटाला कुलूप आहे.) झालं होतं असं, की यंत्रं देणाऱ्या परदेशी मंडळींनी अट घातली होती: आकडे जगाला खुले करा, तुमच्या माणसांना त्याचं प्रशिक्षण द्या, मगच नवी यंत्रं. खुलेपणा नको असला तरी यंत्रं सगळ्यांनाच हवी होती.

प्रशिक्षणाला नुरजामाल नावाच्या हुशार बाई आल्या. फार मन लावून सांगत होत्या, की आकडे सगळ्यांपुढे मांडले की आपल्या चुका दुसऱ्यांना सापडतात. हे ऐकून मागच्या दोन रांगा पांढऱ्या पडल्या. एरवी त्या उठून गेल्या असत्या, पण जेवणाआधी कुणी पळू नये म्हणून साहेबांनी सभागृहाला बाहेरून कडी घालायला लावली होती. मी बाईंकडे त्यांच्या भाषणाची प्रत मागितली, तर त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या की प्रती वाटायची त्यांच्या कचेरीची परवानगी नाही.

खरी फजिती फलकाने केली. प्रशिक्षणाचा फलक मी येर्मेक नावाच्या छापखानेवाल्याकडून फोनवरून छापून घेतला. माणूस चांगला, पण कझाक. आपण खुल्याला 'अचिक' म्हणतो, ते म्हणतात 'आशिक'. त्याने माझं किरगीझ आपल्या भाषेत 'दुरुस्त' केलं, आणि साहेबांच्या डोक्यावर दोन हात उंचीच्या अक्षरांत झळकलं: 'आमच्या संस्थेत आशिक विज्ञान'. आपल्याकडे आशिक कोणाला म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको, लग्नाआधी दाजी दुसरं काय होते? सभागृहात आधी कुजबुज, मग खोकल्याची साथ. तेवढ्यात झूरा एजे (आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांचीच ताई, संचालकांना त्यांनीच बर्फ मोजायला शिकवलं) पहिल्या रांगेतून शांतपणे म्हणाल्या, "असू दे रे शारशेन, उतरवू नकोस. बरोबरच छापलंय. आपल्या आकड्यांवर दुसऱ्याची नजर पडली की तुम्हा सगळ्यांचा जीव जातो. आशिक नाही तर काय?"

साहेब लाल झाले, पण फलक उतरवता येईना, कारण त्याच क्षणी कडी काढून परदेशी पाहुण्यांना आत आणलं गेलं. त्यांना आपली लिपी वाचता येत नव्हती. त्यांना फलक फार आवडला. (तो आता संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. परवा एका गृहस्थांचा फोन आला, विधुरांना प्रवेश मिळतो का म्हणून.) पाहुण्यांनी विचारलं, खुल्या केलेल्या आकड्यांचा एखादा नमुना दाखवाल? मी मदतीला धावलो आणि म्हणालो, साहेबांकडे तळ्याचे आहेत. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मेंढी असतो तर संध्याकाळी ताटात असतो. पण मग हसले, आमच्याकडे पाठ करून परवलीचा शब्द टाकला, आणि पडद्यावर तुमचं तळं महिन्यांच्या रकान्यांत उभं राहिलं. मला वाचायला सवड मिळेना, कारण लगेच पडद्यासमोर फोटोची घाई झाली. कुणी कुठे उभं राहायचं ते मीच ठरवलं. उजेड बरा येतो म्हणून सगळ्यांना जरा डावीकडे सरकवलं. मग तळलेले बोरसोक, चहा, प्रमाणपत्रं. पाहुण्यांची गाडी वळणापर्यंत पोचली नव्हती, तोच पडदा काळा झाला.

तेव्हा एजे, खुले विज्ञान अधिकारी या नात्याने कळवतो, की तळ्याचे आकडे तुम्हाला देण्याचा मला अधिकार नाही. गैरसमज नसावा. दाजींना, सुनेला आणि त्या लाथाळ घोडीला माझा सलाम.

तुमचा,
केनेश

ता. क. सोबत फोटो आहे. साहेबांनीच हौसेने संकेतस्थळावर टाकलाय, त्यामुळे तो बघायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. दाजींचं भिंग घ्या. साहेबांच्या उजव्या कानाशेजारी बघा. तळ्याचं पाणी एप्रिलमध्येच गेल्या जूनच्या खुणेवर पोचलंय. भिंग सगळ्या गावात फिरवा.

आणखी ता. क. मे महिना मात्र दिसत नाही. ऐन वेळी साहेब अर्धं पाऊल उजवीकडे सरकले आणि तो आकडा त्यांच्या डोक्यामागे गेला. ते डोकं बाजूला व्हायची वाट बघू नका. पत्र मिळाल्या दिवशी तंबू नदीपासून दूर, वर न्या.