कुंकू लावलेली बॅट

मंगळवार, दसऱ्यानंतरचा पहिला सराव

आज बेसबॉलच्या पोरींच्या तीन टोळ्या केल्या. एक झेल घेणारी, एक पळणारी, एक बॅटिंगची. रांगेत कंटाळत कोणी उभं नव्हतं. सगळं मस्त चाललं होतं, पण सातवीतली वैशाली सारखी अडून राह्यली. चेंडू जोरात मारते आणि बॅट हातात घेऊनच पळते. बॅट टाकून पळायचं असतं, हे तिला किती वेळा सांगायचं? वाटलं, क्रिकेटची सवय असेल. चौथ्या वेळी मी ओरडलोच, "काऊन टाकत नाहीस बॅट?"

ती खाली पाहत म्हणाली, "सर, दसऱ्याले तुमीच तिची पूजा केली. कुंकू हाये अजून. तिले मातीत कसं टाकू?"

खरंच की. कुंकू मीच लावलं, वर सगळ्यांना नमस्कारही करायला लावला. मग ओरडलो कशाला? तिलाच आधी विचारायचं होतं ना.

मैदानामागच्या कापसाच्या जिनिंगमधून रिकामं बारदान आणलं आणि मारायच्या जागेशेजारी अंथरलं. म्हटलं, "यावर टाक." तिनं अलगद टाकली, आणि मग काय पळाली! बाकीच्या पोरींनीही तेच केलं. एकीलाही पुन्हा सांगावं लागलं नाही.

शेवटी सामान आवरताना माझा पाय बॅटला लागला. हात आपोआप त्या कुंकवाकडे गेला, मग कपाळाकडे. वर पाहिलं तर वैशाली हसून राह्यली होती.