नावाड्याचा कुत्रा

मंगळवार, ३ मार्च. सायंकाळी ५.१०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे पुरावा लागतो.

वाचनालयात भिंतीवर दोन पत्रके: मंगळवारी पुस्तक चर्चागट, शुक्रवारी सिनेमा चर्चागट. मी म्हटले, दोन्हींत नाव घाला. ग्रंथपाल म्हणाला, "आजी, आधी एकच घ्या. झेपतंय का बघा."

आजी! त्याचे स्वतःचे केस कानांपुरतेच उरलेत. आणि झेपतंय का म्हणे. उभी नोकरी मी तक्रार विभागात काढली. माणसे ओरडत यायची आणि माफी मागून जायची.

दोन्हींत नाव घातले. पेनही त्याचेच वापरले.

बुधवार, ४ मार्च

महिन्याचे पुस्तक आणले. एक नावाडी, एक नदी, तिच्यावर होऊ घातलेला पूल. चारशे बारा पाने. रोज तीस वाचली की पंधरवड्यात फडशा, वर उजळणीला वेळ. शाळेत सिस्टर म्हणायच्या, शिस्त आली की अक्कल मागून येते.

आज सुरुवात नाही. बुधवार हा काही सुरुवातीचा वार नव्हे.

रविवार, ८ मार्च

अक्षर बारीक. दोष चष्म्याचा नाही, छापणाऱ्याचा. शिवाय वरच्या मजल्यावर ड्रिलिंग. तूर्त पुस्तक उशाशी ठेवले आहे. सहवासाचाही परिणाम होतोच.

धाकटी जाऊही पुस्तकगटात आहे! फोनवर सांगत होती, तिचे वाचून झाले, आता पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचतेय. मी म्हटले, मला पहिल्यांदाच कळते.

गुरुवार, १२ मार्च

पुस्तकगटाचे संयोजक, निवृत्त दंतवैद्य, लेकीकडे राहायला चाललेत. चोवीस तारखेच्या चर्चेनंतर नवा संयोजक निवडणार. जाऊला व्हायचे आहे म्हणे. लग्न होऊन आली त्याच वर्षी माझे शिवणयंत्र "दोन दिवसांसाठी" घेऊन गेली. ते अजून तिच्याकडे टकटक करते आहे. हे पद काही मी नेऊ देणार नाही.

तयारी जोरात. निवडीनंतरचे आभाराचे भाषण लिहून झाले. फार सुंदर उतरले आहे. आता फक्त पुस्तक वाचायचे.

मंगळवार, १७ मार्च

वाचनाची खूण पान तीनशेवर. यांनी विचारले, पुस्तक न उघडता खूण पुढे कशी सरकते? एवढ्या संसारात या माणसाला समोरचा टॉवेल कधी सापडला नाही. खूण बरी दिसते.

शुक्रवार, २० मार्च. सिनेमागटातून आल्यावर

देव पाठीशी आहे. आजचा सिनेमा त्याच पुस्तकावरचा! दोन तासांत चारशे बारा पाने, तीही मऊ खुर्चीत. ही पद्धत शाळेत असती तर माझा पहिला नंबर कुणी हलवला नसता.

सगळ्यांत थोर तो कुत्रा. पूल झाल्यावर नावाड्याकडे कोणी फिरकत नाही. फक्त एक लंगडा, पिवळा कुत्रा रोज येऊन नावेत बसतो. जणू त्याला पलीकडे काम आहे. मग म्हातारा त्याच्यासाठी नाव पाण्यात सोडतो. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेले. हॉलमध्ये धूळ फार.

पुस्तकगटातले इथे कुणीही नाही. एकच गट घ्या म्हणे!

मंगळवार, २४ मार्च. सायंकाळी ७

मी वीस मिनिटे बोलले. लेखकाने माणसाचा सगळा एकटेपणा त्या कुत्र्याच्या शेपटीवर तोलून धरला आहे, हे वाक्य घरून करून नेले होते. दंतवैद्यांचा आ वासलेला. मला वाटले, भारावले.

जाऊने पेन्सिल खाली ठेवली. "वहिनी, कुत्रा कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटले, सगळ्याच.

मग पाने चाळल्याचा आवाज. बराच वेळ. ग्रंथपाल जास्तीच्या खुर्च्या घेऊन आला होता, तो अगदी आनंदाने म्हणाला, "पुस्तकात कुत्रा नाहीच. तो सिनेमावाल्यांनी घातलाय."

मी तसूभर डगमगले नाही. म्हटले, तुमच्या प्रतींतली पाने गळली आहेत. दंतवैद्यांनी विचारले, सगळ्यांच्याच प्रतींतली? सगळ्यांच्याच. इथला कारभार पाहता नवल नाही.

संयोजक: जाऊ. एकमताने. माझा हात केस सारखे करायला वर गेला होता, तोही मोजला.

बुधवार, २५ मार्च

गळलेली पाने पकडायला सकाळीच पुस्तक उघडले. फक्त पानांचे आकडे बघणार.

दूध उतू गेले. हे चहा मागायला आले, त्यांना म्हटले, थांबा, पूर आलाय. ते फडके घेऊन आले. मी नदीबद्दल बोलत होते.

गुरुवार, २६ मार्च

पाने सलग आहेत. हे तपासणीचा निष्कर्ष म्हणून लिहिते, कबुली म्हणून नव्हे.

पूल होतो. लोक वरून जातात, खाली बघतही नाहीत. म्हातारा तरी रोज नाव धुतो. शेवटच्या पानावर तो एकटाच नावेत बसून, पलीकडून कोणी हाक मारतेय का, ऐकत असतो. मी पान उलटले. कोरा कागद. त्याच्यामागे पुठ्ठा.

एवढ्यात जाऊचा फोन. मी नाक ओढत हॅलो म्हटले. ती म्हणाली, "वहिनी, शेवटच्या पानावर आलात ना? तुमचं ऐकल्यापासून मलाही तिथे तो कुत्रा दिसायला लागलाय."

मी म्हटले, सर्दी आहे. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मला नेहमी होते.

मग ती म्हणाली, शिवणयंत्र आणून देऊ का? असू दे, म्हटले. आज भांडायला आवाज नव्हता.

ग्रंथपालांना पाठवायच्या तक्रारीचा मसुदा:

चारशे बारा पानांत नदीला जागा आहे, पुलाला आहे, ठेकेदाराच्या मेहुण्यालासुद्धा आहे. मग एका लंगड्या कुत्र्याला का नाही? म्हाताऱ्याला असे सोडून जाण्याचा अधिकार लेखकाला कुणी दिला? खुलासा लेखी हवा. मंगळवार, ३१ मार्च, सायंकाळी ५.१० च्या आत. तोंडी चालणार नाही, कुणी तोंडी सांगू लागले की माझी सर्दी वाढते. मायन्यात "आजी" नको.

उत्तर येईपर्यंत पुस्तक परत मिळणार नाही. नावाडी माझ्याकडे राहील.